गल्लीच्या कामासाठी छोटं अनुदान: पहिल्यांदा मागणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गल्लीला वर्गणी काढायला कुणी शिकवावं लागत नाही. श्रावण लागला की गणपतीची पावती पुस्तकं छापून येतात. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ उभे राहतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी या गावांनी मराठी साहित्य संमेलनं वर्षानुवर्षं गावाच्या बळावर भरवली आहेत. माणसं आहेत, हिशोब ठेवणारे आहेत, रात्री उशिरापर्यंत राबणारी पोरं आहेत. तरीही गल्लीच्या टोकाला साचणारा कचरा, संध्याकाळी वयस्कर माणसांना टेकायला नसलेली जागा, नव्याने भाड्याने आलेल्या घराचं नावही शेजाऱ्याला ठाऊक नसणं, या गोष्टींसाठी पावती पुस्तक निघत नाही.

अशा कामांना पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतची मदत मिळू शकते. देणारे लांबचे नाहीत. गल्लीतलीच सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्था असेल, शहरातला एखादा क्लब असेल, उद्यमबागेतला कारखाना असेल. ज्यांनी आजवर असा अर्ज केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. गल्ली स्वतः जेवढं करू शकते तेवढं बाजूला काढा आणि उरलेल्यापुरताच पैसा मागा. ठेकेदाराने येऊन दोन दिवसांत कट्टा बांधून दिला तर गल्लीला कट्टा मिळतो. तीस घरांनी विटा वाहिल्या, पाणी मारलं, दुपारचा चहा आळीपाळीने केला, तर कट्ट्याबरोबर तीस घरांची ओळखही होते, आणि पुढे कुणी तिथे कचरा टाकायला आला तर त्याला हटकणारी माणसंही तयार होतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराने १९८८ साली शेजारवस्त्यांसाठी निधी सुरू केला, तेव्हा लोकांनी आपला वाटा पैशात, वस्तूंत किंवा श्रमाच्या तासांत घालावा अशी अट ठेवली. आपल्याकडे श्रमदान आधीपासून आहे. कडोलीचे शिवाजी कागणीकर यांनी कट्टणभावीसारख्या गावांत पाणलोटाचं आणि झाडांचं काम उभं केलं ते गावकऱ्यांच्या हातांवरच. श्रमदानाची किंमत अर्जात मांडायची सवय मात्र आपल्याला नाही. ती कशी मांडायची ते पुढे येईलच.

घरोघर जा, मगच काम ठरवा

चार कार्यकर्ते मंडपात बसून काम ठरवतात आणि नंतर गल्लीला सांगतात, ही आपली जुनी पद्धत आहे. उत्सवाला ती चालते. या कामाला चालत नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, जोडीत एक बाई असू द्या, आणि एका रविवारी सगळी घरं घ्या. प्रश्न दोनच: 'गल्लीत तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?' आणि 'त्यासाठी तुम्ही स्वतः काय करू शकाल?' दुसरा प्रश्न विसरू नका. कुणी गवंडी असतो, कुणाचा ट्रॅक्टर असतो, कुणाची सून कॉम्प्युटरवर कन्नड टाइप करते. हे सगळं वहीत उतरवा. पुढे अर्जात लिहायचा तुमचा वाटा याच वहीतून निघणार आहे.

बायकांचं म्हणणं भर सभेत बाहेर येत नाही. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला, भजनी मंडळात किंवा बचत गटाच्या बैठकीत ते आपसूक येतं, आणि बहुतेक वेळा खरी गरज तिथेच कळते. मंडळ बॅनर आणि साउंडचा विचार करत असतं, त्या वेळी बायका सांगतात की नळाला पाणी येतं त्या वेळी तिथे दिवा नसतो.

आपल्या गल्ल्या मिश्र आहेत. मराठी घराशेजारी कन्नड घर असतं, पलीकडे उर्दू किंवा कोकणी बोलणारं. भाषेचा प्रश्न सीमाभागात किती हळवा आहे हे वेगळं सांगायला नको. पण गटार तुंबलं की सगळ्यांच्याच दारात पाणी येतं. कामाच्या कमिटीत गल्लीतल्या प्रत्येक भाषेचं एक तरी माणूस पहिल्या दिवसापासून घ्या. काम अर्ध्यावर आल्यावर सहीपुरतं बोलावलं तर त्यांना ते कळतं आणि दुखतंही.

काम निवडताना ते तीन महिन्यांत संपणारं असावं आणि त्यासाठी लागणारी परवानगी एकाच कार्यालयातून मिळणारी असावी. कट्टा, वाचनाची खोली, परसबाग, मुलांसाठी सुट्टीतलं शिबिर, दिवाळीत सगळ्या गल्लीचा मिळून एक मोठा किल्ला, वयस्करांसाठी महिन्यातून एकदा रक्तदाब तपासणी, अशी कामं पहिल्यांदा घ्यावीत. खेड्यात वाचनालय काढायचा विचार असेल तर आधी ग्रामपंचायतीचं 'अरिवु केंद्र' पाहून या. खोली आणि कपाटं तिथे तयार असतात. मराठी पुस्तकांची भर आणि संध्याकाळी दोन तास बसणारं माणूस एवढंच कदाचित हवं असेल.

विहिरीबद्दल एक इशारा. १९९०च्या दशकातल्या पाणीटंचाईत बेळगावात जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या, त्यामुळे अनेक गल्ल्यांना आपलीही विहीर साफ करावीशी वाटते. इच्छा चांगली आहे. पण वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीत श्रमदानाने उतरू नका. तळाशी विषारी वायू साचलेला असतो, प्राणवायू नसतो, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो तेव्हा दोघंही जातात. उपसण्याचं काम महापालिकेकडून किंवा साधनं असलेल्या माणसांकडूनच करून घ्या. गल्लीने कठड्याची रंगरंगोटी, वर जाळी आणि भोवतालची सफाई घ्यावी.

जागा कुणाची आहे?

निम्मे अर्ज इथे अडतात. 'ती मोकळीच आहे' हे उत्तर चालत नाही. बेळगाव शहरात रस्त्याकडेची आणि सार्वजनिक जागा बहुधा महापालिकेची असते. नव्या वसाहतींमधल्या बागेसाठी सोडलेल्या जागा अजून बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, नावावर असू शकतात. कॅम्पात गेलात तर महापालिका नाहीच, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते, आणि ते बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. रुळांलगतची पट्टी रेल्वेची. देवळाभोवतीची जागा देवस्थानची किंवा पंचांची. निपाणीत नगरपालिका, खानापूर गावात पट्टण पंचायत, खेड्यात ग्रामपंचायत आणि तिथले पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी.

जागेचा उतारा काढा किंवा त्या कार्यालयात लेखी विचारा. अर्ज दिला की पोच घ्या, इनवर्ड नंबर लिहून घ्या. तोंडी 'करा की, कोण विचारतंय' यावर एक वीटही रचू नका. गटाराच्या तोंडावर, तारांच्या खाली आणि रस्त्याच्या वळणावर बांधकाम नको. झाडं लावायची तर हेस्कॉम या वीज कंपनीच्या तारा वर पाहूनच जागा ठरवा. फांद्या तोडायच्या असतील तर आधी वनखात्याला विचारा, कारण कर्नाटकात १९७६ सालापासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे.

खेड्यात हे सोपं पडतं. कर्नाटकच्या पंचायत कायद्याप्रमाणे सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा आणि त्याआधी वॉर्डसभा व्हायला हवी. तुमचा विषय वॉर्डसभेत मांडून ठरावात घ्या. ठरावाची नक्कल अर्जाला जोडली की देणाऱ्याचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. शहरात महानगरपालिका कायद्यात २०११च्या दुरुस्तीने वॉर्ड समितीची आणि क्षेत्रसभेची तरतूद आहे. तुमच्या वॉर्डात समिती बसत असेल तर तिच्यासमोर विषय ठेवा, नसेल तर नगरसेवकाचं शिफारसपत्र घ्या. पत्र घ्यावं, पण काम त्यांच्या नावाने रंगवू नये. निवडणूक आली की आचारसंहिता लागते, सरकारी निधीची नवी कामं थांबतात आणि नेत्याचा फोटो असलेला फलक झाकावा लागतो.

मंडळ नोंदलेलं नसेल तर

बहुतेक गल्ली मंडळं नोंदणीकृत नसतात. पाचदहा हजारांच्या मदतीसाठी लगेच नोंदणीच्या मागे लागायची गरज नाही. ओळखीच्या नोंदलेल्या संस्थेला विचारा: वाचनालय, महिला मंडळ, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना. पैसे त्यांच्या खात्यात येतील, खर्च तुमच्या कमिटीच्या दोन सह्यांच्या व्हाउचरवर होईल आणि हिशोबाची वेगळी वही राहील, असं एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करा. मैत्री कितीही जुनी असली तरी हा कागद हवा. पुढे दोन्ही संस्थांचे पदाधिकारी बदलतात तेव्हा तोच उपयोगी पडतो.

नोंदणी करायचीच असेल तर कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. संस्थेची नियमावली आणि उद्देश लिहून जिल्ह्याच्या संस्था नोंदणी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयाकडे, अर्ज जातो. कोल्हापूर-सांगलीचे नातेवाईक तुम्हाला धर्मादाय आयुक्तांकडे जायला सांगतील. ती महाराष्ट्रातली वाट आहे, इथली नव्हे. नोंदणीपेक्षा पुढचं पाळणं अवघड असतं. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, आणि तिच्यानंतर कार्यकारिणीची यादी व ताळेबंद कार्यालयात द्यावा लागतो. चार वर्षं हे दिलंच नाही आणि मोठी देणगी यायच्या वेळी नूतनीकरणासाठी धावपळ झाली, असं अनेक मंडळांचं होतं. हे करणारा एक चिकाटीचा माणूस तुमच्यात असेल तरच नोंदणी करा.

बँकेत खातं मंडळाच्याच नावावर हवं, किमान दोघांच्या सह्यांचं. अध्यक्षांच्या स्वतःच्या फोनपेवर देणगी घेऊ नका. माणूस कितीही सचोटीचा असो, त्याच्या घरखर्चात आणि गल्लीच्या पैशात फरक दाखवता येत नाही, आणि मग बोल त्याच्यावरच येतो.

पैसा कुठे आहे

पहिलं दार सहकारी पतसंस्थांचं, ज्यांना आपण नुसतं 'सोसायटी' म्हणतो. बेळगावात आणि आसपासच्या गावांत त्या पावलोपावली आहेत. नफ्यातला काही भाग धर्मादाय कामासाठी बाजूला काढायची पद्धत त्यांच्यात आहे. त्यांचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेरपर्यंत होते. सभेत नफ्याची वाटणी मंजूर होते, त्यामुळे जून-जुलैमध्ये संचालकांच्या हातात तुमचा अर्ज असावा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' असंच उत्तर येतं. गल्लीतले दोन-तीन सभासद सोबत न्या. सोसायटी आपल्या सभासदांना ओळखते.

दुसरं दार रोटरी, लायन्स, जायंट्स यांसारख्या क्लबांचं. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्षही तेव्हाच बदलतात. येणारे अध्यक्ष वर्षभराचे प्रकल्प एप्रिल-मे महिन्यांत आखत असतात. तेव्हा भेटा. या क्लबांना प्रत्यक्ष वस्तू द्यायला आवडतं, कपाट, पाण्याचा फिल्टर, बाकडी. म्हणून त्यांच्याकडे रोख रकमेऐवजी वस्तूंची यादी घेऊन जावं.

तिसरं, कारखाने. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ज्यांचं नेट वर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एका मर्यादेला पोचतं, त्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण ती घ्यायला संस्था आयकराच्या १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) खाली नोंदलेली हवी, शिवाय कंपन्यांच्या या सामाजिक निधीसाठीचा सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. गल्ली मंडळाला हे जड जातं. उद्यमबाग आणि मच्छे भागातले मध्यम फौंड्रीवाले मात्र या कायद्यात बसोत न बसोत, गटाराचं झाकण, बाकड्याचे लोखंडी पाय, जाळी अशा वस्तू आनंदाने देतात. त्यांना सविस्तर अहवाल नको असतो. वस्तू बसवल्यावर एक फोटो आणि आभाराचं पत्र पुरतं, पण ते नक्की द्या.

आमदार आणि खासदार फंडाबद्दल गैरसमज खूप आहेत. कर्नाटकात आमदाराला मतदारसंघासाठी वर्षाला २ कोटी आणि खासदाराला ५ कोटींपर्यंतची कामं सुचवता येतात. पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सरकारी यंत्रणेकडे जातो आणि काम तीच यंत्रणा करते. तुमच्या मंडळाच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही. पेव्हर, शेड, समाजमंदिराची खोली अशा पक्क्या कामासाठी हा फंड मागा, छोट्या खर्चासाठी नको. याच्याशी जवळची आणखी एक माहिती कमी लोकांना असते. महापालिका-नगरपालिकांना आपल्या निधीतला २४.१० टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर गरीब घटकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तुमच्या कामात व्हीलचेअरचा उतार किंवा दलित वस्तीतली अभ्यासिका येत असेल तर अर्जात या राखीव निधीचा स्पष्ट उल्लेख करा.

बचत गटांना सरकारच्या संजीवनी अभियानातून मिळणारा फिरता निधी या कामाला वळवू नका. तो बायकांच्या आपापसातल्या कर्जव्यवहारासाठी आहे. गल्लीच्या कट्ट्यात तो अडकला तर गटच मोडतो.

शेवटी बाहेर असलेली आपलीच माणसं: गोव्यात, पुण्यात, आखातात. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला भाचा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर तो परदेशी निधी ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्याचा पैसा मात्र, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी निधीच. तो घ्यायला केंद्राची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी लागते. ती नसेल तर प्रेमाने नको म्हणा. पुढची चौकशी परवडत नाही.

अंदाजपत्रक: एक उदाहरण

समजा गल्लीच्या टोकाचा कचऱ्याचा कोपरा साफ करून तिथे बसायचा कट्टा करायचा आहे. खर्च असा मांडता येईल. राडारोडा उचलून जमीन सपाट करायला ट्रॅक्टर ३,००० रुपये. कट्ट्याचं बांधकाम, गिलावा आणि गवंड्याची मजुरी ११,५००. भोवती पेव्हर ५,०००. चार झाडं जाळ्यांसह ३,६००. रंग आणि फलक १,९००. एकूण २५,०००. ही झाली मागायची रक्कम.

आता गल्लीचा वाटा. घरटी एक माणूस एक दिवस धरला तर तीस घरांचे तीस दिवस. आपल्या भागात बिगाऱ्याला जी रोजची मजुरी मिळते ती धरा. ५०० रुपये धरले तर १५,००० झाले. वर्गणी ५,०००. म्हणजे काम ४५,००० रुपयांचं आणि त्यातले २०,००० गल्लीचे. अर्जात हे आकडे शेजारी शेजारी दिसले की वाचणाऱ्याचं मन बदलतं. आपण अर्ध्याहून थोडं जास्त देतोय, बाकीचं लोक घालताहेत, हे त्याला कळतं.

दर तुमच्या मनाने लिहू नका. दोन ठिकाणची कोटेशन घ्या, दुकानाच्या शिक्क्याची. 'किरकोळ खर्च' म्हणून मोठा आकडा ठेवू नका, देणारा सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो. आणि देखभाल कोण करणार ते नावानिशी लिहा. झाडांना पहिला उन्हाळा काढून द्यायचा असतो. कोणत्या आठवड्यात कोणत्या घराने पाणी घालायचं ही यादी अर्जाला जोडलेली असेल तर तुमचा अर्ज ढिगातून वर येतो.

बांधकाम मृगाच्या आत संपवा. बेळगाव-खानापूरचा पाऊस ओल्या गिलाव्याला दया दाखवत नाही. झाडं मात्र पहिला पाऊस झाल्यावर लावा. वनखात्याच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर सवलतीत रोपं मिळतात, त्यासाठी आधी नाव नोंदवून ठेवा.

अर्ज लिहिताना

दोन पानं पुरतात. इतिहास, थोर पुरुषांची वचनं आणि मंडळाच्या स्थापनेची कहाणी वगळा. सुरुवात अशी करता येईल:

'मा. अध्यक्ष व संचालक मंडळ यांस, स. न. वि. वि. आमच्या गल्लीच्या पूर्वेकडील टोकाला कचरा साचतो. त्या जागेशेजारून रोज शाळेची मुलं जातात. गल्लीतील तीस घरांनी मिळून ती जागा साफ करून तिथे वयस्करांना बसण्यासाठी कट्टा करण्याचं ठरवलं आहे. जागा महापालिकेची असून परवानगीची प्रत सोबत जोडली आहे. एकूण खर्च ४५,००० रुपये असून त्यातील २०,००० रुपयांचा वाटा गल्ली वर्गणी व श्रमदानातून उचलणार आहे. उरलेल्या २५,००० रुपयांसाठी आपलं साहाय्य मिळावं, ही विनंती. काम मे अखेर पूर्ण होईल.'

एवढ्यात सगळं आलं. खाली कमिटीतल्या सात-आठ जणांची नावं, सह्या, संपर्क, बँक खात्याचा तपशील. सोबत अंदाजपत्रक, कोटेशन, परवानगी, ठराव आणि जागेचे दोन फोटो. फोटो काढताना उभं राहण्याची जागा लक्षात ठेवा. काम चालू असताना आणि संपल्यावरही तिथूनच फोटो काढायचे आहेत, तेव्हाच बदल दिसतो.

भाषेचं काय? सोसायटी, क्लब, मराठी संस्था यांना मराठीत लिहा. सरकारी कार्यालयात राज्यकारभार कन्नडमध्ये चालतो. संविधानाच्या ३५०व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण टेबलावरच्या कारकुनाला कागद लगेच वाचता आला तर काम लवकर पुढे सरकतं. कन्नड अर्ज वर, मराठी प्रत खाली, दोन्हींवर सह्या, अशी जोडी द्या. गल्लीतली शाळकरी मुलं कन्नड शिकतात. त्यांच्याकडून मसुदा लिहून घ्या आणि कन्नड शेजाऱ्याकडून तपासून घ्या. यातून दोन घरांचं बोलणं सुरू होतं, तेही या कामाचंच फळ.

फलकाचाही विचार आधीच करा. २०२४च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानं, संस्था, ट्रस्ट यांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, असा नियम आहे. कट्ट्यावर किंवा वाचनखोलीवर नाव लावणार असाल तर तसा आराखडा करून घ्या. रंग वाळल्यावर फलक उतरवावा लागला तर सगळ्यांचंच मन खट्टू होतं.

पैसे मिळाल्यावर

पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात गल्लीची बैठक घ्या आणि रक्कम मोठ्याने सांगा. खरेदी शक्यतो चेकने किंवा खात्यातून थेट करा, बिल मंडळाच्या नावाचं घ्या. मजुरीला बिल नसतं, तिथे व्हाउचरवर नाव, काम, तारीख आणि सही. पाच हजारांच्या वरची पावती असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून त्यावर सही घ्या. तुम्ही ज्या संस्थेच्या छत्राखाली आहात तिला ८०जी असेल, तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. आणि तुमच्याकडे ८०जी नसेल तर पावतीवर ती अक्षरं छापू नका.

श्रमदानाची हजेरी वही ठेवा. नाव, तारीख, किती तास. ज्यांना अंगमेहनत जमत नाही त्यांनी केलेला चहा, दिलेलं पाणी, सांभाळलेली मुलं, हेही लिहा. अर्जात दाखवलेले पंधरा हजार खरे होते की नव्हते ते ही वही सांगते. अनेक देणारे दुसऱ्या वेळी फक्त तीच वही पाहतात.

हिशोबाचा कागद देवळाच्या किंवा मंडपाच्या भिंतीवर लावा, दर पंधरा दिवसांनी बदलून. व्हॉट्सअॅपवर टाकलेला हिशोब वर सरकून जातो आणि आजीच्या फोनवर उघडत नाही. भिंतीवरचा कागद येता-जाता सगळे वाचतात, आणि कुणी शंका काढली तर तिथेच उभं राहून बोलता येतं. पैसे उरले तर देणाऱ्याला विचारूनच दुसरीकडे वापरा. कमी पडले तरी आधी कळवा. काम चार दिवस थांबलं तरी चालेल, पण परस्पर उधारी करू नका.

काम संपल्यावर महिन्याच्या आत एक पानाचा अहवाल द्या: काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं आणि का, खर्चाचा तक्ता, तीन फोटो. राहिलेलं लपवू नका. पेव्हर कमी पडले असतील तर तसं लिहा. देणाऱ्यांना एका दुपारसाठी बोलावून कट्ट्यावर बसवा. शाल-श्रीफळावर खर्च नको. गल्लीतल्या बायकांनी केलेले पोहे आणि कामाची हजेरी वही त्यांच्यासमोर ठेवा.

अर्ज नाकारला गेला तर कारण विचारा, शक्यतो प्रत्यक्ष भेटून. बहुतेक वेळा कारण साधं असतं: वेळ चुकली, जागेचा कागद नव्हता, रक्कम त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. सोसायटी २५,००० देऊ शकत नसेल तर झाडं आणि जाळ्यांचे ३,६०० मागा, ट्रॅक्टरचं भाडं दुसऱ्याकडे, रंग तिसऱ्याकडे. अंदाजपत्रक तुकड्यांत मांडलेलं असेल तर हे लगेच करता येतं. श्रमदानाची सफाई तर पैशाशिवायही पुढच्या रविवारी सुरू करता येते. कोपरा स्वच्छ झालेला फोटो दुसऱ्या अर्जाला जोडा.